फुटल्या गलबताचा माल कुणाचा?

प्रश्न : वेंगुर्ल्याला आमच्या माजघरात एक जाड सागवानी तुळई आहे. तिला ओळीने भोकं आहेत, कडांना गंजाचे डाग आहेत. गलबत फुटलं तेव्हा पणजोबांनी ती पुळणीवरून ओढून आणली, असं आजी सांगायची. भाऊ मला 'चोराची पणती' म्हणून चिडवतो. पूर्वी असा माल कुणाचा धरत?

उत्तर : भावाला सांगा, पणजोबा तीनेकशे वर्षं आधी जन्मले असते तर मालकाचे नाही, राजाचे चोर ठरले असते! १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमं घेऊन रायगडावर आला. आमची जहाजं फुटून किनाऱ्याला लागली तर माल परत मिळावा, असं त्यातलं एक कलम होतं. महाराजांकडून उत्तर गेलं : वादळाने किनाऱ्याला आलेलं परत देणं कोकणच्या कायद्यात बसत नाही, तुम्हाला दिलं की फ्रेंच, वलंदेजही (डचही) मागतील, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची चाल मोडेल. मुत्सद्दी उत्तर, मला फार आवडतं.

ही चाल बऱ्याच किनाऱ्यांवर होती, पण सगळीकडे नाही. तेराव्या शतकात काकतीय राजा गणपतिदेवाने आंध्र किनाऱ्यावरच्या मोटुपल्ली बंदरातल्या शिलालेखात कोरून ठेवलं की पूर्वीचे राजे फुटल्या जहाजाचा माल बळाने घेत, आम्ही ठरलेली जकात तेवढी घेऊ.

केरळातलं कालिकत बंदरही असंच वेगळं. तिथे चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता जुम्म्याच्या नमाजासाठी किनाऱ्यावर राहिला आणि रात्री चीनच्या बादशहासाठी नजराणे घेऊन निघालेलं जहाज फुटलं. सकाळी कालिकतचा सामोरी राजा पुळणीवर अनवाणी उभा, कमरेला पांढरं वस्त्र, पुढ्यात शेकोटी. आणि शिपाई लुटायला आलेल्यांना बडवताहेत! मलबारात इतरत्र असा माल राजाच्या खजिन्यात जाई, इथे मात्र तो मालकाचाच राही, म्हणून हे बंदर भरभराटलं, असं तो लिहितो. त्याच्याजवळ स्वतःला उरलं काय, तर दहा दिनार आणि अंथरायचा गालिचा.

इंग्लंडचा १२७५चा कायदा तर गमतीचा. माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटलं, तर जहाज 'फुटलेलं' धरायचं नाही. माल वर्ष आणि एक दिवस सांभाळायचा, मालक आला तर त्याला द्यायचा. आजीच्या गोष्टीत मांजर होतं का हो?

भोकांमधलं अंतर मोजून फोटोसह कळवा. देवगडचे एक म्हातारे तांडेल माझ्याकडे चहाला येतात, त्यांना दाखवीन.