आईची पिशवी काढली म्हणून तिला विसर पडतो काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितेय. माझी आई ६६ वर्षांची. ३८ व्या वर्षी तिची पिशवी काढली, अंडाशयंपण काढले असं कागदावर लिहून आहे. आता दोन वर्षं झाले, वावरातून घरी येताना रस्ता चुकते, माझ्या पोरीला माझ्या नावानं हाक मारते. बाया म्हणतात पिशवी काढली की डोकं कमजोर होतं. बाबांनी तेव्हा सही केली, ते स्वतःलाच दोष देतात. हार्मोनच्या गोळ्यांनी फरक पडेल काय? आणि मला ३९ व्या वर्षी तेच ऑपरेशन सांगितलंय, भीती वाटते.

उत्तर : ताई, बाबांना आधी सांगा की तेव्हा जो सल्ला मिळाला त्यावर त्यांनी सही केली, त्यांची चूक नाही. कमी वयात दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायांमध्ये पुढे डिमेन्शियाचा, म्हणजे विसर वाढत जाण्याच्या आजाराचा, धोका थोडा जास्त दिसतो हे खरं, पण तुमच्या आईला त्यामुळेच झालं असं कोणीच सांगू शकत नाही.

इस्ट्रोजेन हे बायांचं हार्मोन बनवतात ती अंडाशयं, पिशवी नाही. मेंदूच्या पेशीत एपीपी नावाचं प्रोटीन असतं, ते एका प्रकारे कापलं गेलं तर काही त्रास नाही, दुसऱ्या प्रकारे कापलं की बीटा अमायलॉइडचे चिकट तुकडे निघतात आणि अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात त्याचेच थर साचतात. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलंय की इस्ट्रोजेन पहिल्या प्रकाराला जोर देतं, साचलेलं साफ करणारं नेप्रिलायसिन नावाचं प्रोटीन वाढवतं, आणि टाऊ नावाच्या प्रोटीनवर फॉस्फेट जास्त चिकटून त्याचा गुंता होतो तोही आवरतं. पुरुषांचंपण असंच, टेस्टोस्टेरॉन या त्यांच्या हार्मोनचा काही भाग मेंदूतच इस्ट्रोजेन होतो, आणि प्रोस्टेट कॅन्सरसाठी ते हार्मोन बंद केलं की रक्तातलं बीटा अमायलॉइड वाढलेलं आढळलंय.

मग आता गोळ्या द्यायच्या? नाही ताई. अमेरिकेत ६५ च्या वरच्या साडेचार हजार बायांवर मोठी चाचणी झाली, २००३ मध्ये निकाल आला, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया दुप्पट निघाला. आईला मेडिकलमधून परस्पर काहीच आणून देऊ नका. त्यापेक्षा तिचं बी१२ व्हिटॅमिन, थायरॉइड, शुगर, बीपी तपासा, कान तपासा, ती उदास राहते काय तेही बघा, कारण बी१२ किंवा थायरॉइड कमी असलं तरी असाच विसर पडतो आणि तो औषधानं सुधरू शकतो. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नाहीतर सेवाग्रामला दाखवा, सोबत तिचे जुने कागद न्या.

तुमचं सांगते. सही करायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, पिशवी काढल्याशिवाय इलाज आहे काय, आणि काढायचीच असेल तर अंडाशयं ठेवता येतील काय. कॅन्सर किंवा तसं ठोस कारण नसेल तर या वयात ते ठेवतात. काढावेच लागले तर साधारण पाळी जायच्या वयापर्यंत, म्हणजे आपल्याकडे ४६-४७ पर्यंत तरी, हार्मोन देतात, मात्र स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गाठीचा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना पहिलेच सांगा. आणि ऑपरेशनला एकट्या जाऊ नका, कागद वाचणारं कोणीतरी सोबत असू द्या.