जलनेतीनंतर कानात दडे का बसतात?

प्रश्न : पाऊस सुरू झाला की माझं नाक चोंदतं, कपाळ आणि गाल जड होतात. डॉक्टरांनी सायनसचा त्रास सांगून जलनेती, म्हणजे कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुणं, करायला सांगितली. विहिरीचं पाणी गाळून कोमट करते, तांब्याच्या नेतीपात्रात चिमूटभर जाडं मीठ घालते. पण नाक फार झोंबतं आणि नंतर बराच वेळ कानात दडे बसतात. जलनेती बंद करू का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : बंद करू नका, पण न उकळलेलं पाणी आजपासून नाकात घालू नका. खळखळ उकळी फुटल्यावर निदान 1 मिनिट उकळू द्या आणि झाकून कोमट होऊ द्या. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. पोटात गेला तर त्याने आजार होत नाही, पण नाकातून तो मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदूचा आजार होतो. आजार फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जीवावरच बेततं. केरळात असे रुग्ण आढळले आहेत. फडक्याने गाळून अमीबा अडत नाही. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेली असली किंवा घरात फिल्टर असला, तरी उकळाच.

झोंबण्याचं कारण मीठ. अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे चहाचा साधारण पाऊण चमचा. चिमटीत अर्धा ग्रॅमही येत नाही, त्यामुळे पाणी जवळजवळ अळणीच राहतं आणि नाकाच्या आतलं अस्तर ते शोषून फुगतं. जाड्या मिठाचं मापही फसवं : खड्यांमध्ये पोकळी राहते, पावसात त्याला पाणी सुटतं, शिवाय तळाशी रेती असते. बारीक मीठ घ्या, आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम. चिमूटभर खायचा सोडा घातला की झोंबणं आणखी कमी होतं. चव अश्रूंइतकी खारट लागली की मीठ बरोबर आहे असं समजा.

कानात दडे बसण्याचं कारण बहुधा नाक शिंकरण्याच्या पद्धतीत आहे. मोरीवर वाका, मान एका कुशीला वळवा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या आणि वरच्या नाकपुडीत तोटी लावा. पाणी आपसूक खालच्या नाकपुडीतून येतं. अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या. मध्येच गिळू नका, बोलू नका. नंतर खाली वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच शिंकरा. एक दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाच्या नळीत शिरतं. झोपण्यापूर्वी तासभर आधी आटपा.

तांब्याचं भांडं सोडा, मिठाने ते हिरवं पडतं. स्टीलचं घ्या, दर वेळी धुऊन उपडं घाला आणि पूर्ण वाळू द्या; आपल्याकडच्या दमट हवेत ओल्या तोटीत बुरशी धरते.

नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर नेती करू नका. डोळ्याभोवती सूज, अंधुक दिसणं, खूप ताप किंवा मान आखडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : समुद्राचं पाणी गाळून वापरलं तर? मीठ तर त्यात आहेच.
– एक वाचक, मालवण

उत्तर : नको. त्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, नाकाला लागतात 9. उकळल्यावर पाणी आटून खारटपणा वाढतो, आणि बंदरातलं डिझेल, सांडपाणी गाळण्याने जात नाही.