फ्री लंचची यादी पीटीओच्या हाती पडली, तर काय करायचं?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. ऑगस्टमध्ये यजमानांची नोकरी गेली, म्हणून मुलीच्या शाळेत फ्री लंचचा फॉर्म भरला आणि तो मंजूरही झाला. डिसेंबरात शाळेच्या पीटीओमधल्या (पालक-शिक्षक संघटनेतल्या) एका बाईंचा मेसेज आला : ‘गरजू कुटुंबांच्या यादीत तुमचं नाव दिसलं, मुलीसाठी कपडे आणि भेटवस्तू पाठवू का?’ त्या आमच्याच मराठी मंडळातल्या आहेत. तेव्हापासून मुलगी दुपारी कॅफेटेरियात जायलाच तयार नाही. यजमानांना आता नवी नोकरी लागली आहे. ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे, तर फॉर्म मागे घेऊ असं ते म्हणतात. शाळेला अशी यादी कुणाला देता येते का?

उत्तर : ताई, नाही देता येत. तुमची लेखी परवानगी नसेल तर अजिबात नाही. त्या बाईंचा हेतू चांगला असेलही, पण हेतू चांगला असला म्हणून यादी देणं कायदेशीर ठरत नाही.

अमेरिकेतला शाळेच्या जेवणाचा कार्यक्रम 1946 च्या नॅशनल स्कूल लंच ॲक्टवर चालतो. फॉर्ममध्ये तुम्ही घरात किती माणसं, कुणाचं उत्पन्न किती, मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे 4 आकडे असं सगळं लिहून देता. इतकी खासगी माहिती लोकांनी विश्वासाने द्यावी, म्हणून ती कुणाला दाखवता येईल हे त्याच कायद्याने ठरवून दिलं आहे. जेवणाचा कार्यक्रम चालवणारे आणि तपासणारे लोक ती पाहू शकतात. केंद्र किंवा राज्य सरकारच्या शैक्षणिक योजनांना आणि तशाच उत्पन्नाच्या निकषांवर चालणाऱ्या पोषण योजनांना, गरज असेल तेव्हा, फक्त मुलाचं नाव आणि जेवण ‘फ्री’ की ‘रिड्यूस्ड’ (सवलतीच्या दरात) एवढंच सांगता येतं. मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा) किंवा मुलांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी माहिती देण्याआधी पालकांना कळवून नकार द्यायची संधी द्यावी लागते.

पीटीओ यात कुठेच बसत नाही. सणाच्या भेटवस्तू, बँडची फी, सहलीचे पैसे, खेळाचे बूट, यातल्या कशासाठीही नाव पुढे द्यायचं तर पालकांची सही हवी. इतकंच काय, केवळ शाळेत नोकरीला आहे म्हणून वर्गशिक्षकांनाही ही यादी पाहता येत नाही. ज्याच्या कामाला ती लागते त्यानेच पाहावी, असा नियम आहे. पीटीओला किती मुलांसाठी खरेदी करायची हे हवं असेल, तर शाळा नुसता आकडा सांगू शकते. किंवा सगळ्याच घरांना चिठ्ठी पाठवून ‘ज्यांना हवं त्यांनी कळवा’ म्हणू शकते. इतका सरळ मार्ग हाताशी असताना यादी देऊन टाकली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आधी एक तपासा. पुष्कळ स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था) लंचच्या फॉर्मबरोबर ‘इतर कार्यक्रमांना माहिती देण्यास संमती’ असा वेगळा कागद जोडतात. घाईघाईत ऑनलाइन फॉर्म भरताना तिथे टिक झाली होती का? झाली असेल तर तो कागद नीट वाचा. कोणती माहिती, कोणत्या कार्यक्रमाला आणि कशासाठी द्यायची हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं, आणि सही केली नाही तरी मुलीचं जेवण बंद होणार नाही, हेही. ‘शाळेच्या इतर उपक्रमांसाठी’ अशा मोघम वाक्याच्या आधारावर पीटीओला यादी देता येत नाही.

टिक नसेल तर त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि डिस्ट्रिक्टच्या फूड सर्व्हिस डायरेक्टरला ईमेल करा, प्रत प्रिन्सिपलना. रागाचं एक वाक्य नको. यादी कुणी, कधी, कोणाकोणाला दिली ते विचारा. सगळ्या प्रती परत घेऊन नष्ट केल्याचं लेखी मागा. पुढे असं होऊ नये म्हणून काय करणार, तेही विचारा. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवी झाली, तर तक्रार राज्याकडे करा. न्यू जर्सीत हा कार्यक्रम कृषी खात्याकडे आहे, शिक्षण खात्याकडे नाही, त्यामुळे पत्र तिकडे जाऊ द्या. शाळेच्या नोंदींच्या गोपनीयतेचा फर्पा कायदाही इथे लागू पडू शकतो. त्याखालची तक्रार केंद्रीय शिक्षण खात्याकडे, प्रकार कळल्यापासून 180 दिवसांत करावी लागते.

नुकसानभरपाईचा विचार मनात असेल तर स्पष्ट सांगते. लंचची माहिती बेकायदा उघड करणाऱ्याला 1,000 डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, पण तो खटला सरकारने भरायचा असतो. फर्पाखाली पालकांना स्वतः दावा लावता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये गोन्झागा विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलं. त्यामुळे कोर्टापेक्षा राज्याच्या तक्रारीवर भर द्या. यादी परत यावी आणि पुन्हा बाहेर जाऊ नये, हे तिथून साधतं.

त्या बाईंना दोन ओळी लिहा : ‘भेटीबद्दल आभार, आम्हाला नको. ती यादी तुमच्याकडे यायला नको होती. कृपया कुणाला दाखवू नका, शाळेला परत द्या.’ मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय काढू नका. ज्यांना माहीत नाही त्यांनाही त्यातून कळेल.

मुलीसाठी शाळेला एक गोष्ट विचाराच. फ्री लंचच्या मुलांची नावं लावणं किंवा पुकारणं, त्यांना वेगळी रांग, वेगळं टेबल, वेगळ्या रंगाचं कार्ड देणं, हे सगळं मना आहे. जेवण घेताना सगळी मुलं सारख्याच पद्धतीने आपापला पिन टाकत असतील तर तिला ते दाखवून सांगा, कोण पैसे भरतं आणि कोण नाही हे शेजारच्या मुलीला दिसत नाही. तसं नसेल तर तक्रारीत तोही मुद्दा घाला.

फॉर्म मात्र मागे घेऊ नका. एकदा मंजूर झालेली पात्रता पूर्ण शालेय वर्ष टिकते. मधे नोकरी लागली तरी कळवण्याचं बंधन नाही, त्यामुळे तुम्ही काही लपवताय असं होत नाही. फॉर्मवर इमिग्रेशन स्टेटस विचारतच नाहीत, आणि ज्यांना ही माहिती देता येते त्या यादीत इमिग्रेशन खातं नाही. पोलिस वगैरेंना मिळते तीसुद्धा लंच कार्यक्रमातलाच गैरप्रकार तपासायचा असेल तर. पुढच्या वर्षी नव्या पगारावर हिशेब करून बघा. बसत असाल तर पुन्हा फॉर्म भरा, आणि संमतीचा तो जोडकागद कोरा ठेवा.