'रिफ्रीझ करू नका' म्हणजे नेमकं काय करू नका?

सोलापुरात बाळीवेशीजवळ राहून घरच्या घरी कुल्फी करून विकणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. आइस्क्रीमच्या डब्यांवर इंग्रजीत 'डू नॉट रिफ्रीझ' असं असतं, ते आपल्या डब्यावर मराठीत कसं छापायचं? छापखान्यातल्या माणसाने 'पुन्हा थंड करू नये' असं सुचवलंय, ते चालेल का? आणि या क्रियापदाचा भूतकाळ 'रिफ्रीझ्ड' होतो का?

नाही चालणार. 'पुन्हा थंड करू नये' वाचून गिऱ्हाईक काय करणार, कुल्फी ऊन करून खाणार? माठातलं पाणी थंड होतं, गोठत नाही. भूतकाळ 'रिफ्रोझ', आणि पुन्हा गोठवलेल्या वस्तूला 'रिफ्रोझन'. 'रिफ्रीझ्ड' असं काही नसतं.

खरा घोळ वेगळाच आहे आणि तो ऐकून ऐकून माझे कान किटलेत. आपण फ्रीज नावाचं कपाट आणि फ्रीझ नावाची क्रिया एकाच तोंडाने एकसारखी म्हणतो, लिहितोही तशीच. त्यामुळे 'रिफ्रीज कर' म्हणजे 'उरलेली आमटी परत फ्रीजला लाव की बे' असाच अर्थ घराघरात रुजलाय. आमटी खालच्या कप्प्यात गेली, ती गार झाली, बस्स. रिफ्रीझ व्हायला आधी गोठलेलं असावं लागतं, मग वितळावं लागतं आणि मग परत गोठावं लागतं. कुल्फीचं तसं झालं की वितळलेलं पाणी मोठे खडे धरून बसतं आणि दाताखाली कचकच लागते. वितळलेल्या वेळात जंतूंनी केलेला कारभार वेगळाच.

गंमत म्हणजे फ्रीज आणि फ्रीझ ही सख्खी भावंडं वाटतात, पण एकमेकांची कुणीही नाहीत. रेफ्रिजरेटर लॅटिनच्या घरचा, थंडीला तिथे 'फ्रिगुस' म्हणतात. फ्रीझ अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन भाषांच्या कुळातला. शेजारी राहून आडनाव सारखं झालेल्या दोन बिऱ्हाडांसारखं आहे ते.

आता मराठी क्रियापदं. आपल्याकडे श्रीमंती आहे आणि आपण ती 'फ्रीझ होणे'वर उधळतोय. पाणी गोठतं, तूप थिजतं, रक्त साकळतं, दूध विरजतं. थिजणं हे संस्कृत 'स्त्यान'च्या घराण्यातलं. योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपांच्या यादीत व्याधीनंतर लगेच हेच 'स्त्यान' येतं, म्हणजे थिजलेलं मन. आमच्याकडे जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, खोबरेल तेलाची बाटली सकाळी थिजते, अंगणात उन्हाला ठेवली की पातळ होते, रात्री परत थिजते. त्यासाठी कुणाला 'पुनर्थिजन' म्हणावंसं वाटलेलं नाही. 'परत' या एका शब्दात इंग्रजीचा सगळा 'रि' मावतो. तरी 'पुनर्गोठण' आणि 'पुनर्हिमीकरण' पाडणारे विद्वान आहेतच. त्यांना माझा नमस्कार, लांबून.

सोलापुरात तर शेजारपाजारच्या भाषाही कामाला येतात. कन्नडमध्ये गोठण्याला 'हेप्पुगट्टु', आणि हेप्पु म्हणजे विरजण! तेलुगूत 'गड्डकट्टु', गड्डा बांधणं. (यावरून गड्ड्याच्या जत्रेची व्युत्पत्ती लावायला कुणी बसू नका, मीही मोह आवरलाय.)

आता मूळ मुद्दा. म्हणजे माझा.

फ्रीझ शब्द आला कुठून? संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो हे शाळेतही सांगतात: पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह. तसा 'प्रुष्'चा 'फ्रीझ'. वेदवाङ्मयात 'प्रुष्वा' म्हणजे गोठलेलं दव. आणि पाणिनीय धातुपाठ, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांची अर्थांसकट यादी, उघडा: 'प्रुषु प्लुषु दाहे'. दाहे! जाळणे! लॅटिनमध्येही हीच जोडी: 'प्रुइना' म्हणजे पानांवरचं गोठलेलं दव आणि 'प्रुना' म्हणजे धगधगता निखारा. गोठण्याचा आणि पोळण्याचा शब्द एकाच मुळाचा.

यावर काही युरोपीय कोशकार म्हणतात की ही मुळं दोन, दिसायला सारखी पण निराळी. काहींच्या मते प्रुष्वा 'शिंपडणे' या अर्थाच्या प्रुष्‌पासून आली, कारण तो धातूही पाठात आहे. असेल. पण या मंडळींनी उघड्या हाताने बर्फाची लादी कधी उचललेली नसावी. मी उचललीय. मावशीच्या लग्नात, मे महिन्यात, सरबतासाठी कारखान्यातून सायकलच्या कॅरियरवर लादी आणायची होती. गोणपाट मागच्या मागे घसरलं, आणि लादी पडू नये म्हणून मी दोन्ही तळहातांनी ती धरून तसाच चालत राहिलो. घरी पोचलो तेव्हा तळवे लालबुंद, आणि मी आईला म्हणालो, "हात भाजले." गारठले नाही म्हणालो. दहा वर्षांच्या पोराला धातुपाठ कुठला ठाऊक? हिमाने पीक 'जळतं', थंडीने द्राक्षाची पानं 'करपतात', हे शेतकरी रोज बोलतो. फ्रीझरमध्ये उघड्या राहिलेल्या मटारावर पांढरे कोरडे डाग पडतात, त्याला इंग्रजही 'फ्रीझर बर्न'च म्हणतो. मूळ एक नसेल तर सगळ्यांच्याच जिभेला एकच भ्रम झाला म्हणायचं.

त्याच लादीची अजून एक गोष्ट. मांडवात ती फोडून तुकडे पिंपात टाकले, वर गोणपाट. तासाभराने पाहतो तर तुकडे एकमेकांना चिकटून पुन्हा ढेकूळ. हे खरं रिफ्रीझ होणं, कुणीही न करता झालेलं. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५० मध्ये लंडनच्या व्याख्यानात हेच दाखवलं होतं, दोन ओले बर्फाचे तुकडे टेकवले की मधलं पाणी गोठून ते सांधतात. आमच्या गोळेवाल्याला ते रोजचंच, तो टोच्याने खटाखट सुटे करतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. इथे मराठी इंग्रजीपेक्षा नेमकी आहे: तुकडे आपोआप 'गोठतात', कुल्फी तुम्ही 'गोठवता'. इंग्रजीला दोन्हीकडे एकच क्रियापद पुरवावं लागतं.

हां, ताई, तुमचा डबा. 'एकदा वितळली की पुन्हा गोठवू नये.' एवढंच छापा, आणि त्या माणसाला 'वितळली'तला 'ळ' नीट तपासायला सांगा.