काम नसलं की मीच निकामी वाटते

सांगलीच्या विश्रामबागेतून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पुण्यातली नोकरी सोडून ती दोन वर्षं घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेते. काम असलं की रात्री दोनपर्यंत जागरण. नसलं की ‘माझ्यातच दम नाही’ म्हणत दिवसभर फोन बघणं. दिवसभर कुणाशी बोलणं नाही, रात्री झोप नाही. एका ग्राहकाने तीन महिने पैसे थकवलेत, मागायला लाज वाटते. आणि बाबा रोज विचारतात, ‘नोकरीचं काय ठरवलंस?’

अगं, खात्यातल्या शिलकीवर तू स्वतःची किंमत ठरवतेयस. म्हणून आधी पैशाला शिस्त लावू, मन त्यामागून सावरेल.

दोन खाती ठेव. कमाई सगळी पहिल्यात. गेल्या वर्षातले सगळ्यांत कमी कमाईचे तीन महिने काढ. त्यांची सरासरी हा तुझा पगार. दर 1 तारखेला तेवढेच दुसऱ्या खात्यात घे आणि घरखर्चाचा वाटा त्याच दिवशी बाबांना दे. त्यांना तुझ्या कामापेक्षा पैशाच्या बेभरवशीपणाची धास्ती जास्त असावी. हे गणित फसतं ते चांगल्या महिन्यात, हात सैल सुटल्यामुळे. सरासरी अगदीच तुटपुंजी निघाली, तर दरमहा ठरलेल्या पैशांचं एखादं काम धर. त्यात कमीपणा काही नाही.

कामाची वेळ ठरव. रिकाम्या दिवशी सकाळचे दोन तास नव्या ग्राहकांना विचारणा, मग फोन दुसऱ्या खोलीत. संध्याकाळी आमराईत चक्कर मार, कुणाला तरी सोबत घेऊन. दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही, हे तुझं दुखणं मला पैशापेक्षा मोठं वाटतं. झोप दोन आठवडे अशीच उडालेली राहिली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. मोफत आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं.

यापुढे 40 टक्के आगाऊ घे, मूळ फाइल पूर्ण पैसे आल्यावरच. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आजच कर. फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. 2006 च्या कायद्याने नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असली तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, ठरली नसेल तर 15. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज मागता येतं, तक्रार सुविधा परिषदेकडे (अशा थकबाकीसाठीचं सरकारी मंडळ) करता येते. नोंदणीआधीच्या बिलाला मात्र हा आधार मिळणं अवघड.

त्या थकलेल्या बिलासाठी सोमवारी सकाळी लिही: ‘बिल क्रमांक, तारीख, रक्कम. शुक्रवारपर्यंत जमा करावी.’ ‘सॉरी’ नको, ‘जमलं तर’ही नको. उत्तर नाही आलं तर त्यांच्या अकाउंटंटला फोन लाव. बिल बरेचदा त्याच टेबलावर पडून असतं.