रोटरच्या हबमध्ये रबराचे बेअरिंग कशासाठी?

प्रश्न : हेलिकॉप्टरच्या मुख्य रोटरच्या हबमध्ये (पाती जिथे मधल्या दांड्याला जोडलेली असतात त्या भागात) पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी रबराचे बेअरिंग बसवतात, असे वाचले. एवढा भार रबर कसे पेलते?

उत्तर : पाते फिरताना बाहेरच्या दिशेने निर्माण होणारी ओढ प्रत्येक पात्यामागे कित्येक टन असते, आणि ती सोसत असतानाच पात्याला वर-खाली झुलणे, मागे-पुढे सरकणे आणि स्वतःच्या अक्षाभोवती कोन बदलणे या तिन्ही हालचाली करू द्याव्या लागतात. गोळ्यांचे बेअरिंग पूर्ण फेरे घेणाऱ्या दांड्यासाठी उत्तम असते. येथे मात्र ते काही अंशच पुढे-मागे हलते. त्यामुळे गोळ्या त्याच जागी घासत राहतात, वंगणाचा थर तिथून निघून जातो आणि गोळ्या ज्यांवर टेकतात त्या धातूच्या कड्यांवर खळगे पडतात.

रबरी बेअरिंग निव्वळ रबराचे नसतेच. रबराचे पातळ थर आणि धातूचे पत्रे एकाआड एक चिकटवून ते घडवलेले असते. दाबाखाली रबर बाजूंना फुगू पाहते, पण पत्रे त्याला अडवतात, म्हणून त्या दिशेने ते अतिशय ताठ राहते. थर एकमेकांवरून सरकण्याच्या दिशेने मात्र लवचीकच असते. त्यामुळे पात्याची ओढ बेअरिंगवर दाब म्हणूनच येईल, अशी हबची रचना करतात. थर गोलाकार असतील, तर तिन्ही हालचाली एकाच बेअरिंगमध्ये भागतात. वंगण लागत नाही, हा फायदा मोठाच. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की असे बेअरिंग सहसा अचानक निकामी होत नाही. कडेने रबराचा चुरा सुटू लागतो आणि तो तपासणीत डोळ्यांना दिसतो. कडाक्याच्या थंडीत मात्र रबर ताठरते, आणि तेलाचा संपर्कही त्याला मानवत नाही.