वाचक विचारतात: भग्नावशेष, समुद्र आणि एका दिवसाची बससहल

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या सभासदांसाठी डिसेंबरात एक दिवसाची बससहल काढायची आहे. पस्तीसेक जण येतील आणि त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. तांबडी सुर्लचे महादेव मंदिर, जुन्या गोव्यातील सांत आगुस्तीनचा मनोरा, चांदर, उसगाळीमळची कातळचित्रे आणि संध्याकाळी काब द राम किल्ल्यावरून सूर्यास्त असा बेत सभासदांनी ठरवला आहे. सोबत माहीतगार मार्गदर्शक असावा, अशी इच्छा आहे. दुपारचे जेवण वाटेत मोकळ्या जागी आपणच शिजवावे, असेही काहींचे म्हणणे आहे. हे सारे एका दिवसात जमेल का?
(वाचनालयाच्या कार्यवाह, फोंडा)

उत्तर: जमणार नाही. बस फिरेल, मंडळी उतरतील आणि चढतील, फोटोही निघतील. परंतु यातले एकही ठिकाण पाहिले असे म्हणता येणार नाही. तांबडी सुर्ल पणजीपासून सुमारे 65 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात आहे आणि काब द राम काणकोणच्या समुद्रकड्यावर. या दोहोंना एका दिवसात बांधायचे, तर दिवसाचा मोठा भाग खिडकीतून रस्ता बघण्यात जाईल. कदंब राजघराण्याच्या काळातले ते मंदिर सुंदर आहे, म्हणूनच त्याला स्वतंत्र दिवस द्यावा. जुने गोवे आपल्याला फोंड्याहून जवळच आहे. तेथे एखाद्या रविवारी दुपारनंतरही सहज जाता येते. ही दोन नावे बेतातून काढली की उरलेली तीन ठिकाणे एका ओळीत येतात आणि सहलीला काही अर्थ येतो.

तो अर्थ कुशावती नदीमुळे येतो. उसगाळीमळची चित्रे तिच्या काठच्या जांभ्यावर आहेत आणि खाली चांदर, म्हणजे जुने चंद्रपूर, तिच्याच काठी वसले होते. चंद्रपूर ही गोव्याच्या ज्ञात राजधान्यांपैकी सर्वांत जुनी. भोज घराण्यातील देवराजाचा ताम्रपट, जो साधारण चौथ्या शतकातला मानला जातो, याच नगरातून दिलेला आहे आणि तो सापडला आपल्या फोंडे तालुक्यातल्या शिरोड्यास. पुढे कदंबांनीही येथून राज्य केले आणि अकराव्या शतकात झुआरीकाठच्या गोपकपट्टणास, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याच्या परिसरात, राजधानी हलवली. मार्गदर्शकाने बस बोरीचा पूल ओलांडत असतानाच एवढे सांगून ठेवले, तर चांदरला उतरल्यावर सभासदांची निराशा होणार नाही. एरवी ती होते, कारण डोळ्यांना तेथे फारच थोडे दिसते. इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी 1929 मध्ये येथे उत्खनन केले आणि नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही केले. त्यातून विटांच्या मंदिराचा पाया उघडा झाला. गवतात गुडघ्याइतक्याही न उठणाऱ्या विटांच्या रांगा आणि डोके नसलेला दगडी नंदी पाहून ‘यासाठी आलो का?’ असे कोणी म्हटले, तर त्याला दोष देता येत नाही. माहीतगार माणूस सोबत हवा तो नेमका अशा ठिकाणी. उभी, देखणी इमारत आपली ओळख बऱ्याच अंशी आपणच करून देते. चांदरला अर्धा तास पुरे.

उसगाळीमळला मात्र सव्वा ते दीड तास राखून ठेवावा. केप्याहून रिवणच्या रस्त्याने जाऊन आत वळावे लागते आणि शेवटचा भाग पायी जावा लागतो, हे गुडघेदुखीच्या सभासदांना आधीच सांगावे. नदीकाठच्या सपाट जांभ्यावर बैल, हरणे, मोर, मानवी आकृती अशी शंभराहून अधिक चित्रे कोरलेली आहेत. अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे 1993 मध्ये गेले. गावकऱ्यांना ती जागा अर्थातच पूर्वीपासून ठाऊक होती. प्रथम काहीच दिसत नाही. भोकाभोकांचा तांबूस कातळ, चरांत साचलेली माती आणि वाळलेली पाने एवढेच. मग मार्गदर्शक काठीचे टोक दगडाला न लावता वरच्या वर फिरवून बैलाच्या पाठीची रेघ दाखवतो, तिच्यापुढे वशिंड येते, शिंगे येतात, आणि एकदा तो बैल दिसला की शेजारचे जनावर कोणी दाखवावे लागत नाही. एकात एक वळत गेलेला गोल चक्रव्यूह येथे सर्वांना आवडतो. ऊन तिरपे असताना चरीत सावली पडते व रेघ उठून दिसते, डोक्यावर आले की सगळा कातळ सपाट भासतो. म्हणून येथे साडेनऊच्या सुमारास पोहोचावे आणि त्यासाठी फोंडा सातला सोडावा. रेघा ठळक दिसाव्यात म्हणून कोणी पाणी ओतू लागले किंवा खडू काढला, तर तेथेच नको म्हणावे. चित्रांवर पाय पडू नये, अनवाणी असलो तरीही.

या चित्रांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण ती फार प्राचीन मानतात, काही त्यांना लोहयुगापर्यंत अलीकडे आणतात. मार्गदर्शक निवडताना मी हाच प्रश्न फोनवर विचारून पाहीन. जो ठासून एकच आकडा सांगेल त्याच्यापेक्षा, मतभेद कशावरून आहेत हे दोन वाक्यांत सांगणारा मार्गदर्शक चांगला. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा 1982 चा कायदा आहे आणि मार्गदर्शकांनाही पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. ते ओळखपत्र जरूर मागावे. मात्र ओळखपत्र म्हणजे परवाना, विद्वत्ता नव्हे. आपल्या भागातल्या महाविद्यालयात इतिहास शिकवणारे कोणी नोंदणीकृत मार्गदर्शकाबरोबर यायला तयार झाले, तर त्याहून उत्तम.

जेवणाविषयी: पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास गोव्यात कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो, तेव्हा चुलीचा विचार सोडावा. केप्याहून बाळ्ळीमार्गे समुद्राकडे जाताना फातर्पा लागते. तेथील देवस्थानात किंवा जवळपास पंगतीची सोय होईल का, हे आधी विचारून ठेवावे, म्हणजे जेवणानंतर घटकाभर पाठ टेकायलाही मिळते. फातर्पेकरणीची जत्रा पौषात असते. आपली तारीख तिच्याशी गाठ घालत नाही ना, हे पंचांगात पाहावे, नाहीतर बस गावाबाहेरच अडकून पडेल.

काब द राम हा प्राचीन अवशेष नव्हे, हेही सभासदांना सांगितलेले बरे. रामसीतेची आख्यायिका त्याच्याशी जोडलेली आहे. पण आज दिसतो तो किल्ला सौंदेकर (आजच्या कर्नाटकातील सोंद्याच्या) राजांकडून अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढे 1955 पर्यंत त्याचा तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. आतले सांत आंतोनियोचे चर्च अजून वापरात आहे. साडेतीनला पोहोचून खंदक, दरवाजा, तोफा आणि समुद्राकडचा एक बुरूज एवढे सावकाश पाहावे. सूर्यास्त मात्र किल्ल्यावरून नको. कड्याच्या बाजूला धड कठडे नाहीत, वाट खडबडीत आहे आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडाला की भराभर अंधारते. त्या अंधारात साठीपुढची मंडळी उतरवणे हे कोणत्याही कार्यवाहांना झेपणारे काम नाही. पाचला किल्ला सोडून आगोंदच्या किनाऱ्यावर जावे आणि वाळूत बसून सूर्यास्त पाहावा. परतीला काणकोण, मडगाव, बोरी असा सरळ रस्ता आहे.

पन्नास आसनांची एक मोठी बस घेण्याऐवजी दोन लहान बसगाड्या घ्याव्यात. रिवणच्या आणि किल्ल्याच्या वळणांवर त्या बऱ्या पडतात. स्वच्छतागृहासाठी केपे येथे मुद्दाम थांबावे, उसगाळीमळवर विसंबू नये.

प्रश्न: पुण्याहून आलेल्या आमच्या विहीण-व्याह्यांना ‘प्राचीन अवशेष आणि सागरकिनारा’ अशी जाहिरात असलेल्या मार्गदर्शित बससहलीस पाठवले. जुन्या गोव्यातील सांत आगुस्तीन चर्चच्या मनोऱ्यापाशी दहा मिनिटे आणि काजूच्या दुकानात पाऊण तास, असा प्रकार झाला. तो मनोरा मराठ्यांच्या तोफांनी पडला, असे मार्गदर्शकाने सांगितले. हे खरे आहे का? पुन्हा असे होऊ नये म्हणून आधी काय विचारावे?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर: तोफांची गोष्ट खरी नाही. संभाजी महाराजांच्या 1683 च्या स्वारीशी लोक तिची सांगड घालतात. परंतु हे चर्च त्यानंतरही दीड शतक नांदते होते. सांत आगुस्तीनचे बांधकाम 1597 ते 1602 या काळातले. पोर्तुगीज सरकारने 1835 मध्ये धर्मसंघ बंद केले, तेव्हा आगुस्तीनियन पाद्री निघून गेले आणि वास्तू ओस पडली. जांभा उघडा राहिला की गोव्याचा पाऊस पितो. त्याचे रक्षण चुन्याच्या गिलाव्याने होते, आणि दर काही वर्षांनी गिलावा करणारे कोणी उरले नाही. 1842 मध्ये छताची कमान कोसळली. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला, आणखी काही भाग 1938 मध्ये पडला. मुळात सुमारे 46 मीटर उंच असलेल्या मनोऱ्याचे आज जे उभे आहे, ते या पडझडीतून उरलेले तेवढेच. शत्रूची गरजच पडली नाही. घराच्या गिलाव्याकडे दोन पावसाळे दुर्लक्ष केलेल्या कोणत्याही गोवेकराला हे पटावे.

त्या दहा मिनिटांत आपल्या व्याह्यांच्या हातून काय निसटले, ते सांगतो. जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर कुळांची चिन्हे व लॅटिन-पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. पावसाने काही झिजली आहेत, काही अजून वाचता येतात. बाजूच्या प्रार्थनागृहांच्या भिंतींवर रंगीत टाइल्सचे तुकडे चिकटून आहेत. आणि जॉर्जियाची राणी केतेवान हिची कथाही येथलीच. शाह अब्बासच्या हुकुमावरून 1624 मध्ये शिराजला तिचा छळ करून वध झाला आणि आगुस्तीनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यास आणले. पोर्तुगीज कागदपत्रांतील वर्णनाच्या आधारे पुरातत्त्व सर्वेक्षणाने या भग्नावशेषांत शोध घेतला, सापडलेल्या अस्थींची हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डीएनए तपासणी झाली आणि 2021 च्या जुलैमध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अवशेषांचा भाग जॉर्जियाला दिला. मनोऱ्यातील मोठी घंटा पणजीला, पायऱ्यांच्या चर्चमध्ये, 1871 पासून आहे. मार्गदर्शकाने हे सांगितले असते, तर संध्याकाळी पणजीत त्या चर्चसमोर उभे राहून मंडळींनी मान वर केली असती.

आता आधी काय विचारावे. थांब्यांची संख्या विचारण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी बसमधून उतरल्यापासून चढेपर्यंत किती वेळ, हे लेखी मागावे. ‘धावती भेट’ किंवा ‘बाहेरून दर्शन’ असे शब्द दिसले की ते ठिकाण यादीतून वजा करावे. दुकानाचे थांबे किती आणि ते टाळता येतात का, हे स्पष्ट विचारायला संकोच करू नये. त्या दुकानांकडून मिळणाऱ्या दलालीवर तिकीट स्वस्त ठेवलेले असते, हे उघड गुपित आहे. मार्गदर्शक बसमध्येच ध्वनिक्षेपकावर बोलणार की उतरून बरोबर चालणार, हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. जुन्या गोव्यासाठी शुक्रवार टाळावा, कारण तेथील पुरातत्त्व संग्रहालय त्या दिवशी बंद असते, आणि रविवारची सकाळही नको. ती प्रार्थनेसाठी आलेल्यांची.

प्रश्न: शाळेच्या सहलीहून परतलेल्या माझ्या नातवाच्या खिशात सांत आगुस्तीनच्या आवारात सापडलेला निळ्या-पांढऱ्या टाइलचा तुकडा निघाला. बोटाच्या पेराएवढाच आहे. घरी ठेवला तर चालेल का?
(एक आजी, डिचोली)

उत्तर: चालणार नाही, आजी. जागा संरक्षित स्मारकाची आहे आणि 1958 च्या कायद्यानुसार स्मारकाची मोडतोड करणे किंवा त्याचा भाग काढून नेणे हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. एवढ्याशा मुलावर कोणी खटला भरणार नाही, घाबरू नये. पण तुकडा कोठे पडला होता, कोणत्या भिंतीजवळ, हीच त्याची खरी माहिती असते आणि घरच्या कपाटात ती नाहीशी होते. जुन्या गोव्याला जाऊन संग्रहालयातील पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांकडे तो नातवाच्याच हातून द्यावा आणि कोठून उचलला ते त्यालाच सांगू द्यावे. आपण परत जाऊन गुपचूप टाकून येऊ नये. भलत्या जागी पडलेला तुकडा अभ्यासकाची दिशाभूल करतो.

प्रश्न: भग्नावशेष पाहून झाल्यावर बस दुपारी दोनला किनाऱ्यावर पोहोचते. मुले लगेच पाण्यात उतरायचा हट्ट धरतात. उतरू द्यावे का?
(एक पालक, मडगाव)

उत्तर: प्रथम जेवण, मग सावलीत विश्रांती आणि चारनंतर पाणी. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग जीवरक्षकांच्या देखरेखीखाली असतो, तेवढ्यातच उतरावे. लाल झेंडा असेल तर पायही भिजवू नयेत. सूर्यास्तानंतर कोणीही पाण्यात राहू नये. जून ते सप्टेंबर समुद्रस्नान बेतातच धरू नये. त्या महिन्यांत सहल काढायचीच असेल तर किनारा दुरून पाहावा आणि चढणीच्या, शेवाळलेल्या अवशेषांकडेही मुलांना नेऊ नये. मोजणी दोनदा करावी, पाण्यातून बाहेर येताना एकदा आणि बसमध्ये बसल्यावर पुन्हा.